दगडाची कसून चौकशी

एसटीत शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी माणसाचं गाव, तालुका, आडनाव, नोकरी कायम की कंत्राटी, मुलीचं लग्न ठरलं का आणि नसेल ठरलं तर का अडलं, एवढा ऐवज मराठी माणूस कंडक्टर तिकिटापर्यंत पोचायच्या आत गोळा करतो. या कौशल्याचा कळस स्थळ बघताना दिसतो. सांगितलेलं गाव खरंच मूळगाव आहे की नुसती जमीन घेतलेली, पुण्यातला फ्लॅट कर्जाचा की रोखीचा, मामा नेमके कुठले, धाकट्या काकांशी बोलणं का बंद आहे, हे सगळं दोन्ही घरच्या चहाच्या कपबशा विसळून व्हायच्या आत माहीत झालेलं असतं. अशा या जगावेगळ्या चौकस समाजाच्या पायाखाली, महाराष्ट्राच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास भूभागावर, एकच घराणं साडेसहा कोटी वर्षं ठाण मांडून बसलेलं आहे. आणि त्याच्याविषयी आपली एकूण माहिती दोन शब्दांची आहे: काळा दगड. त्याच्यावर आपण किल्ले बांधले, त्याच्यात लेणी कोरली, त्याच्यावर पुरण वाटलं, त्याची खडी करून रस्त्यावर पसरली आणि त्याच रस्त्यातल्या खड्ड्यांवरून भांडलो, पण चौकशी म्हणून केली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की अग्निज खडक ओळखायला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. सोयरिकीला लागते तेवढी चिकाटी पुरते. किंबहुना इथे काम सोपं आहे, कारण खडक विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देत नाही. अडचण इतकीच की न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही तो देत नाही, आणि अशा माणसांशी बोलायची आपल्याला सवय नाही.

पहिला प्रश्न नेहमीचाच: वाढला कुठे? अग्निज खडक म्हणजे शिलारस थंड होऊन घट्ट झालेला खडक. हा शिलारस जमिनीच्या पोटात काही किलोमीटर खोल अडकून पडला, तर हजारो-लाखो वर्षं सावकाश निवत राहतो. स्फटिकांना वाढायला निवांतपणा मिळतो आणि ते नुसत्या डोळ्यांनी मोजता येतील एवढे होतात. तोच शिलारस लाव्हा होऊन उघड्यावर आला, तर झटपट थिजतो आणि स्फटिक भिंगाखेरीज दिसू नयेत इतके बारीक राहतात. घाई आणखी झाली तर स्फटिक बनतच नाहीत, काच होते. हे खात्रीचं कसं, असं कोणी विचारेल, तर त्याचं उत्तर एडिंबरोच्या सर जेम्स हॉल यांनी १७९८ मध्ये देऊन ठेवलं आहे. त्यांनी तिथला काळा दगड लोखंडाच्या ओतकामाच्या भट्टीत वितळवला. पटकन थंड केला तेव्हा काच झाली. पुन्हा वितळवून सावकाश निवू दिला तेव्हा दगड परत स्फटिकांचा झाला. गंमत अशी की असल्या प्रयोगांवर त्यांचे ज्येष्ठ स्नेही, भूवैज्ञानिक जेम्स हटन यांचा विश्वास नव्हता. मुशीतल्या चिमूटभर दगडावरून पृथ्वीचा न्याय करू नये, असं त्यांचं मत. हॉल यांनी वडीलधाऱ्यांचा मान राखला. हटन १७९७ मध्ये गेले आणि प्रयोग पुढच्या वर्षी जगासमोर आला. आपल्याकडेही घरातल्या बऱ्याच सुधारणा याच वेळापत्रकाने होतात.

दुसरा प्रश्न: घरात काय आहे? इथे मुख्य मालमत्ता सिलिका. ग्रॅनाइटात ती सत्तर टक्क्यांच्या आसपास, बेसॉल्टात पन्नासच्या आसपास. या दोन प्रश्नांनी अर्धी वंशावळ मांडून होते. ग्रॅनाइट आणि रायोलाइट यांची मालमत्ता एकच. पहिला खोलीत वाढला, दुसरा उघड्यावर. डायोराइट आणि अँडेसाइट यांचंही तेच, गॅब्रो आणि बेसॉल्ट यांचंही तेच. गॅब्रो म्हणजे सावकाश वाढलेला बेसॉल्ट. या दोघांच्या मधला डोलेराइट. तो भेगांमध्ये शिरून तिथेच उभा थिजला. धुळे-नंदुरबारकडे अशा उभ्या भिंती, ज्यांना भूवैज्ञानिक डाइक म्हणतात, रानातून सरळ रेषेत लांबवर गेलेल्या दिसतात आणि कोणा राजाने बांधल्या असतील असा बघणाऱ्याचा समज होतो. कणांचा आकार आणि सिलिकेचा अंदाज या दोन गोष्टी विचारल्या की नावाच्या जवळपास पोचता येतं. स्थळाच्या चौकशीत दोन प्रश्नांत इतकं पुढे गेल्याचं उदाहरण माहीत असेल तर ते अपवाद समजावं.

यानंतर आपण हमखास जिथे घसरतो ती गोष्ट येते: रंग. रंग बघून पसंती ठरवण्याचा आपला इतिहास छापील जाहिरातींच्या रकान्यांत सुरक्षित आहे, आणि खडकांच्या बाबतीतही पहिली नजर तिथेच जाते. त्यात तथ्य अजिबात नाही असं नव्हे. क्वार्ट्‌झ आणि फेल्स्पार ही खनिजं बहुधा फिकी. लोह आणि मॅग्नेशियमवाली खनिजं गडद. त्यामुळे फिका खडक सिलिकावाला आणि गडद खडक लोहवाला, हा ठोकताळा बऱ्याच वेळा चालतो. पण ऑब्सिडियन बघा. ज्वालामुखीची ही काच काळीकुळकुळीत असते आणि तिची मालमत्ता मोजली तर थेट ग्रॅनाइटच्या घरची निघते, सिलिका बहुधा सत्तरच्या वर. काचेत विखुरलेले लोहखनिजाचे अतिसूक्ष्म कण तिला काळं करतात, बाकी काही नाही. उलट बाजूने आपला बेसॉल्ट उन्हापावसात राहिला की त्यातलं लोह गंजतं आणि बाहेरून तो तपकिरी, पिवळट, कधी तांबूस दिसतो. म्हणून या क्षेत्रात एक नियम पक्का आहे: दगडाचा बाहेरचा रंग लिहून घ्यायचा, पण त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हातोडीने फोडून ताजं पृष्ठ बघायचं. हा नियम वधू-वर सूचक मंडळांना लावता येत नाही, ही कायद्याची मर्यादा आहे.

रंगावर आणि दुकानदाराच्या शब्दावर भिस्त ठेवली की काय होतं, याचा पुरावा आपल्याच स्वयंपाकघरात ओट्यावर पसरलेला आहे. ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून घेतलेली लादी बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतेच. ग्रॅनाइट म्हणवून घ्यायला भरपूर फेल्स्पार आणि त्याच्या जोडीला क्वार्ट्‌झचा निदान पाचवा हिस्सा लागतो. दोन्ही फिके, त्यामुळे काळाकुट्ट ग्रॅनाइट हे प्रकरण मुळातच संशयास्पद. बाजारातला बराचसा काळा माल गॅब्रो किंवा डोलेराइटच्या जातीचा. सोनेरी ठिपक्यांची ‘ब्लॅक गॅलेक्सी’ आंध्र प्रदेशातल्या प्रकाशम जिल्ह्यातून, चिमकुर्तीहून येते. तो गॅब्रोच्याच घराण्यातला खडक, आणि ते ठिपके सोन्याचे नसून ब्राँझाइट नावाच्या पायरॉक्सिनचे. गृहप्रवेशाला आलेल्या पाहुण्यांना ही माहिती आपण होऊन देऊ नये. कडप्प्याची गोष्ट याहून बिकट. तो काळा आणि चकचकीत असला तरी अग्निज घराण्याशी त्याचं नातंच नाही. तो गाळाचा, चुनखडीचा खडक. शहाबादी आणि कोटा फरशीही त्याच बाजूच्या. शंका असेल तर ओट्याच्या कडेला, दिसणार नाही अशा जागी, लिंबाचे दोन थेंब टाकून तासभर ठेवावेत. कडप्प्याची चकाकी तेवढीच मरते आणि पांढुरका डाग उरतो. गॅब्रो किंवा ग्रॅनाइट लिंबाकडे लक्षही देत नाही. पाच रुपयांच्या लिंबात होणारी ही चौकशी लाखभराचं स्वयंपाकघर करताना कोणी करत नाही. नवऱ्याला मात्र नमुन्याची लादी घेऊन चार दुकानं हिंडवलं जातं.

रंगातून सुटलात की खरी मंडळी भेटतात, ती आतली. त्यांच्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. बेसॉल्टचा ताजा फोडलेला तुकडा उन्हात धरून हळूहळू फिरवला, की काळ्या भुईवर मधेच बारीक, लांबट काड्या लकाकतात आणि कोन बदलला की विझतात. हे प्लॅजिओक्लेज फेल्स्पार. स्फटिक ठरावीक सपाटीवर फुटतात, त्या सपाटीला पाटन म्हणतात. ही लकाकी पाटनाच्या पृष्ठांची. मोठ्या काडीच्या पृष्ठावर एकमेकींना समांतर अशा अतिशय बारीक रेघा दिसल्या तर प्लॅजिओक्लेज पक्का, पुढची चौकशी थांबवली तरी चालेल. त्याला खेटून बसलेलं काळपट हिरवं, आखूड, बोजड खनिज म्हणजे पायरॉक्सिन, बहुधा ऑजाइट. त्याच्या दोन पाटनांमधला कोन जवळजवळ काटकोन. दुसऱ्या खडकांत त्याच्यासारखंच दिसणारं हॉर्नब्लेंड भेटतं, पण त्याचा कोन ५६ आणि १२४ अंशांचा. तेवढ्यावर तोतया पकडला जातो. ऑलिव्हिन हिरवट, काचेच्या चमकेचं आणि पाटन जवळपास नसलेलं. दख्खनच्या बेसॉल्टात ते ताजं क्वचित सापडतं, बहुतेक वेळा बदलून तांबूस झालेलं असतं. मॅग्नेटाइट भिंगालाही दाद देत नाही, पण दोऱ्याला टांगलेला लहानसा चुंबक दगडाजवळ नेला की तो हलकेच ओढला जातो. कडकपणा बघायला फ्रीड्रिश मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेली दहा पायऱ्यांची मोजपट्टी आहे: तळाला शंखजिरं, वर हिरा. नख अडीचवर, खिशातला चाकू साडेपाचवर, क्वार्ट्‌झ सातवर. खडकातल्या पांढऱ्या खड्याला चाकूने ओरखडा पडला तर तो कॅल्साइट असू शकतो. चाकूच झिजला तर बहुधा क्वार्ट्‌झ.

कोणाचं कोणाशी जमत नाही, ही चौकशीही झालेली आहे. वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या नॉर्मन बोवेन यांनी १९२२ मध्ये शिलारसातून खनिजं कोणत्या क्रमाने बाहेर पडतात ते प्रयोगांवरून मांडलं. बेसॉल्टच्या रसात सर्वांत आधी ऑलिव्हिन, मग पायरॉक्सिन, मग हॉर्नब्लेंड, मग काळं अभ्रक. दुसऱ्या बाजूने प्लॅजिओक्लेज, आधी कॅल्शियमवालं आणि मग सोडियमवालं. आणि सगळ्यांच्या शेवटी क्वार्ट्‌झ. त्यातून व्यवहाराला उपयोगी असा निष्कर्ष निघतो: मॅग्नेशियमवालं ऑलिव्हिन आणि क्वार्ट्‌झ एका घरात सुखाने राहत नाहीत. रसात मोकळी सिलिका शिल्लक असेल तर ती ऑलिव्हिनशी संयोग पावून पायरॉक्सिन होते. एकाच तुकड्यात दोघं हातात हात घालून बसलेली कोणी दाखवली, तर दोघांपैकी एकाची ओळख चुकली आहे किंवा एक जण नंतर बाहेरून येऊन पोकळीत राहिला आहे असं समजावं. खडकांच्या बाबतीत हा नियम शंभर वर्षांपूर्वी छापून आला. माणसांच्या बाबतीत असली यादी अजून तोंडीच चालते.

यावर पहिला आक्षेप तयारच असतो: आमच्याकडे सगळा बेसॉल्टच, मग ओळखायचं काय? हा आक्षेप शहरी आहे. विहीर खणणाऱ्याला विचारा. वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या, मधे गेरूचा लाल पट्टा, मग काळा पाषाण, हे त्याला तोंडपाठ असतं, आणि मांजऱ्या लागला की चेहरा उजळतो, काळा पाषाण लागला की सुरुंगाचा खर्च आठवतो. मांजऱ्या म्हणजे लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या पडलेला बेसॉल्ट. काळा पाषाण म्हणजे प्रवाहाच्या मधला घट्ट भाग. गेरूचा पट्टा म्हणजे एक प्रवाह थंड होऊन त्याची माती झाल्यावर तिच्यावरून दुसरा गेला त्याची खूण. पोकळ्यांतून नंतर पाणी फिरलं आणि त्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट असे देखणे स्फटिक वाढले. जळगाव, नाशिक आणि पुणे परिसरातल्या खाणींतले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत काचेआड आहेत. निळ्याभोर कॅव्हान्साइटची पहिली ओळख अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये झाली, पण त्याचे सर्वांत देखणे नमुने पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून निघाले. आपण वाघोली ओळखतो ती नगर रस्त्याच्या वाहतूककोंडीवरून. इथे पोकळ्यांच्या बाबतीत सावधही राहायला हवं. कोकणातला जांभाही लाल आणि भोकाभोकांचा, म्हणून तो ज्वालामुखीचा असं पुष्कळ जण ठोकून देतात. ती भोकं वायूची नव्हेत. मूळ खडक पावसाने लाखो वर्षं धुतला जाऊन लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा जांभा झाला. बेसॉल्टशी त्याचं नातं आहे, पण ते वारसाहक्काचं, सख्ख्या भावाचं नव्हे.

घट्ट बेसॉल्टातही सगळे सारखे नसतात. सह्याद्रीत काही प्रवाह असे आहेत की त्यांत प्लॅजिओक्लेजच्या काड्या काही सेंटिमीटर लांब वाढलेल्या असतात. भिंग लागत नाही, चालता चालता दिसतात, आणि त्यांच्या खुणेने भूवैज्ञानिक थरांच्या सीमा ठरवतात. एरवी डोळ्यांना जे एकसारखं दिसतं त्याची त्यांनी प्रयोगशाळेत टायटॅनियम, बेरियम, स्ट्राँशियम मोजून भाऊबंदकी लावली आहे: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. ही लग्नाच्या गाडीच्या थांब्यांची यादी वाटते, पण ती लाव्ह्याच्या थरांची अधिकृत नावं आहेत, जवळपास याच क्रमाने खालून वर. ज्याला सगळे बेसॉल्ट एकसारखे वाटतात त्याने चौकशी एका प्रश्नावर सोडलेली असते. एवढ्या थोरल्या खटल्याचा विस्तारही तसाच: आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर, आणि पश्चिमेकडे जाडी दोन किलोमीटरच्या घरात. हे सगळं एखाद्या शंकूच्या आकाराच्या डोंगराच्या तोंडातून आलं नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा पसरत गेला. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळचे थर इथूनच हजार किलोमीटर वाहत गेले असं संशोधक मानतात. तरीही प्रत्येक सुट्या डोंगराकडे बोट दाखवून ‘हे ज्वालामुखीचं तोंड’ म्हणणारा मार्गदर्शक प्रत्येक सहलीत असतो, आणि त्याचा आवाज सर्वांत मोठा असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: तज्ज्ञांचंच जिथे एकमत नाही तिथे सामान्य माणसाने काय करावं? हे खरं आहे की अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातला सर्वांत नावाजलेला खनिजशास्त्राचा शिक्षक, फ्रायबर्गच्या खाणशाळेतला आब्राहाम वेर्नर, बेसॉल्ट समुद्राच्या पाण्यात साचून झाला असं शिकवत होता. गटे यांच्यासारखा कवीही त्याच पाण्याच्या पक्षात. पण वेर्नर चुकला कशामुळे, तेही बघावं. खनिजांची वर्णनं करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने प्रवास मात्र फारसा केला नाही, आणि सॅक्सनीत जे दिसलं तेच पृथ्वीभर असणार असं धरून चालला. तिकडे निकोला देमारे या फ्रेंच माणसाने मध्य फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागात काळ्या खांबांचा माग काढत काढत तो थेट विझलेल्या ज्वालामुखींपर्यंत नेला. वेर्नरचा लाडका विद्यार्थी लेओपोल्ड फॉन बूख स्वतः ओव्हेर्न्यला गेला आणि गुरूचं मत त्याला सोडून द्यावं लागलं. म्हणजे हा वाद पांडित्याने मिटला नाही, गावी जाऊन चौकशी केल्याने मिटला. फोटोवरून स्थळ पसंत करू नये हे आपल्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. वेर्नरला ते सांगणारी आत्या मिळाली नाही.

तिसरा आक्षेप नावांचा, आणि तो मला निम्मा मान्य आहे. अग्निज खडकांना आजवर दीड हजारांहून जास्त नावं दिली गेली. एखाद्याने सुट्टीत डोंगर बघितला, खनिजांचं प्रमाण जरा वेगळं आढळलं, की जवळच्या गावाचं नाव दगडाला देऊन तो घरी परतायचा. चार्नोकाइटची कथा याहून अजब. कोलकात्याच्या इतिहासात ज्याचं नाव येतं त्या जॉब चार्नॉकच्या थडग्याची शिळा याच खडकाची, म्हणून टॉमस हॉलंड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खडकालाच त्याचं नाव दिलं. मेल्यावर दगड वाट्याला येणारे पुष्कळ. दगडाच्या वाट्याला आपलं नाव आलेला हा विरळा. दगडाला माणसाचं नाव देण्याचा मोह त्यातल्या त्यात चंद्रावरून आलेल्या खनिजाला तरी शोभतो: अपोलो ११ ने १९६९ मध्ये आणलेल्या नमुन्यांतल्या एका नव्या खनिजाला आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांची नावं जोडून आर्मालकोलाइट म्हणतात. आणि ज्या खडकात ते सापडलं तो कोणता? बेसॉल्ट. चंद्रावरचे जे काळे डाग आपण लहानपणापासून ससा म्हणून बघतो ती बेसॉल्टची मैदानं आहेत. एवढ्या लांब जाऊन शेवटी गाववालाच भेटला. नावांच्या या जत्रेला आवर घालण्याचं काम आल्बेर्ट श्ट्रेकायझेन या स्विस संशोधकाने केलं. त्याच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय समितीने क्वार्ट्‌झ, दोन प्रकारचे फेल्स्पार आणि फेल्स्पॅथॉइड यांच्या प्रमाणावरून नाव ठरवायची रीत घालून दिली. नावं पाठ करायची गरज संपली. प्रमाण मोजलं की नाव तक्त्यात सापडतं. नुसत्या आकारावरून नाव ठोकणारे मात्र अजून सापडतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी बेसॉल्टच्या उभ्या खांबांची, म्हणून उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे खांबही बेसॉल्टचे असं सर्रास लिहिलं जातं. ते खांब जास्त सिलिकावाल्या, रायोलाइटच्या जवळच्या लाव्ह्याचे आहेत, आणि दख्खनच्या लाव्ह्याहून दोन कोटी वर्षांनी थोरले. खांब होणं ही निवताना आकसण्याची खूण आहे, घराण्याची नव्हे.

शेवटचा आक्षेप ठेवणीतला: कळून उपयोग काय? उपयोग बोअरवेलवाल्याला पैसे मोजण्याआधी कळतो. एकसंध काळ्या पाषाणात पाण्याला जागा नसते. भेगा, मांजऱ्या आणि झिजलेले थर यांत ती असते. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात कळसापासून पायाकडे खोदत आणलं. तिथे खालचा दगड कसा निघेल याचा अंदाज चुकला असता तर दुरुस्तीला वावच नव्हता. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाची इमारत कुर्ल्याच्या करड्या बेसॉल्टची आणि मालाडच्या पिवळसर ट्रॅकाइटची आहे. दोन्ही अग्निज, दोन्ही स्थानिक, आणि हजारो लोक आतल्या मूर्ती बघायला भिंतींकडे पाठ करून आत जातात. आजीच्या पाट्याला टाकी घालणारी बाई दगडावर छिन्नीचे दोन ठोके मारून त्याचा पोत सांगायची. तिच्याजवळ तक्ता नव्हता, कान होता. आणि ज्याला कागदोपत्री पुरावाच हवा त्याच्यासाठी तोही आहे. लाव्हा निवताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडून ठेवली. १९५० च्या दशकात दख्खनच्या खडकांवर ती मोजली गेली आणि निष्पन्न झालं की हे खडक थिजले तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. म्हणजे मराठी मातीचा मूळ रहिवासाचा दाखला दक्षिण गोलार्धातला आहे. भूमिपुत्र कोण या वादात हा कागद अद्याप कोणत्याही पक्षाने दाखल केलेला नाही.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. दहापटीचं भिंग, चाकू, लहान चुंबक आणि एक लिंबू, इतकं सामान जमवा. किल्ल्यावर किंवा लेण्यात हातोडा चालवू नका. संरक्षित वास्तूत तो गुन्हा आहे आणि त्याची गरजही नाही, कारण बांधकामापुढचा खडीचा ढीग ताज्या फोडलेल्या नमुन्यांनी भरलेला असतो. एक तुकडा घ्या आणि वहीत याच क्रमाने लिहा: ताज्या पृष्ठाचा रंग, कण दिसतात की नाही, दिसले तर केवढे, कोणती खनिजं, पाटन कसं, पोकळ्या आहेत का, त्यांत काय भरलं आहे. नाव सर्वांत शेवटी लिहा, आणि शंका असेल तर पेन्सिलीने. आपली सवय उलटी आहे, आधी नाव विचारून मग माणसाविषयी मत बनवायचं. दगडाच्या बाबतीत तेवढी मोडा. आणि नमुना कुठून उचलला ते गाव-तालुक्यासह लिहायला विसरू नका. ठिकाण न लिहिलेला नमुना कितीही देखणा असला, तरी अभ्यासाच्या कामाचा राहत नाही.